घाटमाथ्यावरच्या घरात काय टिकतं?

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, आंबोली. या गावांत ज्यांचं घर आहे, त्यांना कपाटाच्या ड्रॉवरचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. मे महिन्यात बोटाने उघडणारा ड्रॉवर जुलैत जागचा हलत नाही. गौरी-गणपतीला त्यातली चादर काढायची तर दोन्ही हातांनी हिसडे द्यावे लागतात. होळीच्या सुमाराला मात्र तोच ड्रॉवर इतका सैल होतो की आत खडखडत राहतो. कुणी रंधा मारलेला नसतो, कुणी काही ठोकलेलंही नसतं.

आणखी एक कोडं त्याच खोलीत असतं. शहरातून आणलेलं चकचकीत कपाट दोन पावसाळ्यांत पायाशी फुगतं, त्याच्या कडांचा लॅमिनेट सुटतो, दार बिजागरीतून लोंबतं. शेजारी आजोबांच्या वेळची सागवानी पेटी मात्र तशीच उभी असते. “पूर्वीचं लाकूडच वेगळं होतं,” असं आपण म्हणून टाकतो. त्यात थोडं तथ्य आहे, कारण जुन्या झाडांचं पक्कं लाकूड तेव्हा सहज मिळायचं. पण खरं उत्तर ती पेटी कशी जोडली आहे, यात आहे. डोंगरातलं घर हाताने घडवलेल्या वस्तूंनी सजवायचं असेल, तर नक्षी आणि रंग पाहण्याआधी ती वस्तू ओलीशी कशी वागते, हे समजून घेणं मला फार मोलाचं वाटतं. ते एकदा कळलं की कोणती वस्तू घ्यायची, कुठे ठेवायची आणि कारागिराला काय विचारायचं, हे आपोआप सुचत जातं.

ढगात बुडालेलं घर

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात आणि वर चढतात. वर चढणारी हवा थंड होते, आणि थंड हवेत वाफ कमी मावते. जास्तीची वाफ थेंब होऊन बाहेर पडते, तोच आपला ढग. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वीसेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे ‘डोंगरातलं घर’ म्हणून एकच नियम सगळीकडे चालत नाही. एका डोंगररांगेवरच्या दोन गावांतही फर्निचरचं नशीब वेगळं असतं.

पावसापेक्षाही महत्त्वाची आहे ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, त्यातली किती टक्के प्रत्यक्षात आहे, याचं हे माप. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरचं घर दिवसचे दिवस ढगाच्या आतच असतं आणि हा आकडा ९० ते १०० टक्क्यांच्या मध्ये राहतो. मार्चमधल्या कोरड्या दुपारी तो ३० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणात, समुद्राकाठी, हवा जवळजवळ वर्षभर दमट असते, म्हणून तिथलं लाकूड फुगलेल्या अवस्थेतच स्थिरावतं. घाटमाथ्यावर मात्र त्याला दर वर्षी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत यावं लागतं. फर्निचर खिळखिळं होतं ते या येरझाऱ्यांनी.

लाकूड कुठल्या दिशेने फुगतं

झाड कापून कित्येक वर्षं झाली तरी लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. आजूबाजूची हवा जितकी ओली, त्या प्रमाणात लाकडातली ओल ठरते. हवेची आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ६५ टक्के असताना बारा टक्के आणि ९० टक्के असताना वीस. हा बदल एका दिवसात होत नाही. पातळ फळीला काही दिवस लागतात, जाड तुळईला काही महिने. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, तेवढा वेळ पुरतो.

हे पाणी शिरतं कुठे? लाकूड म्हणजे एका दिशेने रचलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. भाताच्या पेंढ्याची मोळी डोळ्यांसमोर आणा. ती भिजली तर एकेक काडी जाड होते आणि मोळीचा घेर वाढतो, पण काड्या लांब होत नाहीत. लाकडाचंही तसंच. नळ्यांच्या भिंती पाणी पिऊन जाड होतात, त्यामुळे फळी रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाहीच. लांबीतला फरक इतका थोडा असतो की सुतार तो धरतही नाही.

रुंदीतही दोन प्रकार आहेत. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर खोडाच्या वलयांच्या रेषा दिसतात. या रेषा फळीच्या रुंद बाजूला समांतर, म्हणजे आडव्या पसरल्या असतील, तर फळी जास्त हलते. त्या जाडीत उभ्या असतील, तर साधारण निम्मीच. सागासारख्या शांत लाकडाचा साधारण हिशेब असा: ४५ सेंटिमीटर रुंदीच्या फळीत उन्हाळा ते पावसाळा दहा टक्के ओल वाढली, तर आडव्या रेषांची फळी आठ-नऊ मिलिमीटर रुंद होते आणि उभ्या रेषांची चारेक मिलिमीटर. ड्रॉवरच्या कडेला एवढी जागा कोण ठेवतं? म्हणून तो अडकतो.

सागाला इतका मान मिळतो त्याचं एक कारण हे कमी हलणं आहे. त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशीही त्याला सहज लागत नाही. आंब्याचं लाकूड स्वस्त, कोरीव कामाला मऊ आणि दिसायला सुंदर असतं, पण त्यावर बुरशी आणि भुंगा पटकन बसतो. घाटमाथ्यावर ते मुख्य पलंगाला किंवा कपाटाला वापरू नये, असं माझं मत आहे. छोटे चौरंग, ट्रे, आरशाच्या चौकटी यांना मात्र ते छान आहे.

सुताराने सोडलेली फट

आता आजोबांच्या पेटीकडे किंवा जुन्या वाड्याच्या दाराकडे नीट पाहा. दार एका सलग रुंद फळीचं नसतं. चार अरुंद लाकडांची चौकट असते आणि तिच्या आतल्या कडेने खाच पाडलेली असते. मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती बसवलेली असते. तिला सरस लावलेला नसतो, खिळाही मारलेला नसतो. खाचेत दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा असते. पावसाळ्यात फळी त्या जागेत पसरते, उन्हाळ्यात मागे सरकते. चौकटीची लाकडं अरुंद असल्याने त्यांची रुंदी फार बदलत नाही आणि लांबी तर बदलतच नाही. म्हणून दाराचं बाहेरचं माप बारा महिने जवळपास तेच राहतं. फळीच्या कडेला मार्चमध्ये पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसते ना, ती याच हालचालीची खूण आहे. तो दोष समजून कुणाला तिथे फेविकॉल भरू देऊ नका. फळी दोन्हीकडून पकडली गेली की पुढच्या उन्हाळ्यात आकसताना तिला सरकता येत नाही, आणि मग ती मधोमध तडकते.

टेबलाचा वरचा भाग खालच्या पट्ट्यांना जोडताना जाणता सुतार स्क्रूचं छिद्र गोल न ठेवता लांबट पाडतो, तेही याचसाठी. वरची फळी रुंद होते तेव्हा स्क्रू त्या लांबट छिद्रात सरकतो. हे सगळं बाहेरून दिसत नाही. म्हणून टेबल घेताना खाली वाकून पाहावं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा आहे का, तेही बघावं. साध्या लोखंडाचा खिळा ओल्या लाकडात गंजतो, आणि बाभूळ, ऐन यांसारख्या लाकडांतल्या टॅनिनशी लोखंडाची प्रक्रिया होऊन भोवती काळा-निळा डाग पसरतो. तो डाग घासून जात नाही.

शहरातून आणलेलं ते चकचकीत कपाट बहुधा पार्टिकल बोर्डचं असतं, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. लाकडाचा भुसा आणि चिपा गोंदात कालवून प्रचंड दाबाखाली त्याची पाटी बनवतात. कडेच्या उघड्या भागातून ओल शिरली की दाबलेल्या चिपा पुन्हा मूळ आकाराकडे फुगतात आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद तुटतो. पाटी सुकली तरी फुगवटा उतरत नाही, कारण आतली बांधणीच मोडलेली असते. खरं लाकूड फुगून पुन्हा आकसतं, ही पाटी एकदाच फुगते. एमडीएफचंही थोड्याफार फरकाने तेच.

प्लायवूडवर अन्याय करायला नको. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेने शेजारचा थर हलत नाही, म्हणून तो त्याला आवरून धरतो. घाटमाथ्यावर घ्यायचंच असेल तर उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या गोंदाचं, आयएस ७१० या मानकाचं प्लायवूड घ्यावं आणि कापलेल्या कडा लाकडी पट्टीने झाकाव्यात. कपाटाचा सांगाडा अशा प्लायवूडचा आणि दारं सुताराने घडवलेली चौकटीची, ही जोड खिशालाही परवडते आणि वर्षानुवर्षं नीट चालते.

तेल, लाख आणि पॉलिश

पॉलिशमुळे लाकडात ओल शिरत नाही, असा पक्का समज आहे. प्रत्यक्षात कुठलंही पॉलिश वाफेला पूर्ण अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. आठ दिवसांच्या झडीत लाकूड कमी फुगेल, पण चार महिन्यांत ओल आत पोचेलच. म्हणून एक गोष्ट काटेकोरपणे करून घ्यायची: फळीच्या दोन्ही बाजूंना सारखंच पॉलिश. दिसणारी बाजू चकचकीत आणि खालची कोरी ठेवली, तर खालची बाजू आधी फुगते आणि फळीला बाक येतो. टेबलं वाकडी होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन हळूहळू घट्ट होतं. त्याची चमक मंद, उबदार असते, आणि कुठे खरचटलं तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. मात्र हे तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता साठून तो स्वतःहून पेटू शकतो. चिंध्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. पेटवलेली काडी जितकी जपून हाताळतो, तितकंच हे जपायला हवं.

कोकणात होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची रीत आहे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात. कीड त्याच्या जवळ येत नाही, ती त्याच्या याच जहाल गुणामुळे. घराबाहेरच्या खांबांना, बाकांना ते उत्तम. हाताचा सतत स्पर्श होणाऱ्या वस्तूला नको.

सावंतवाडीची लाखेची कामं घाटमाथ्यावरच्या घरात फार शोभतात. फळांच्या प्रतिकृती, पाट, डबे, गंजिफा ठेवायच्या रंगीत पेट्या. कातकामावर लाख चढते कशी, हे पाहण्यासारखं आहे. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याचा स्राव. लाकडाचा तुकडा लेथवर गरगर फिरत असतो आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतो. घर्षणाने उष्णता तयार होते, लाख साधारण ७० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि फिरत्या लाकडावर पसरत जाते. ब्रश नाही, वास येणारं रसायन नाही. पण जी वस्तू उष्णतेने चढली, ती उष्णतेनेच उतरते. लाखेच्या पाटावर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरं कडं उमटतं, आणि सॅनिटायझर सांडला तर त्यातला अल्कोहोल लाख विरघळवतो. ही कामं फडताळात, भिंतीवर, देवघराजवळ ठेवावीत. जेवणाच्या टेबलावर त्यांचा जीव जातो.

बांबू कोण खातं?

लाकडाची अडचण हालचालीची, तर बांबूची खाल्ला जाण्याची. नव्या बांबूच्या खुर्चीखाली काही महिन्यांत पिवळसर पिठाची छोटी रास दिसते. आत भुंगा लागलेला असतो. त्याला हवा असतो बांबूतला पिष्ट पदार्थ, म्हणजे स्टार्च. कोंब पावसाळ्यात फुटतात, आणि एका कोंबाला काही आठवड्यांत आईइतकं उंच व्हायचं असतं. त्यासाठी लागणारं अन्न बेट आधीपासून साठवून ठेवतं. म्हणून पावसाच्या तोंडावर तोडलेला बांबू साठ्याने भरलेला असतो आणि भुंग्याला मेजवानी मिळते. कोंब वाढून गेल्यावर, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेल्या बांबूत हा साठा कमी असतो. तीन-चार वर्षांची, पक्की झालेली काठी निवडायची, असं जाणते बुरूड सांगतात, तेही बरोबर आहे. कोवळ्या काठीत पाणी आणि साखर जास्त असते, ती वाळताना सुरकुतते.

तोडलेल्या काठ्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची जुनी पद्धत आहे. पाणी पिष्ट आणि साखर धुऊन नेतं. आजची पद्धत म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजवणं. पण हे क्षार पाण्यात विरघळतात. उघड्या अंगणात पावसात ठेवलेल्या बांबूच्या खुर्चीतून ते धुऊन जातात, म्हणून ती छपराखालीच हवी. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: बांबू कुठल्या महिन्यात तोडला, आणि त्यावर प्रक्रिया कोणती केली? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून सूप-टोपली घ्यावी, पलंग घेऊ नये.

कोकणातला माणगा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याला भोक पाडून खुंटी बसवता येते आणि फर्निचरला तो फार चांगला. सिंधुदुर्गात कुडाळला बांबूचं फर्निचर आणि घरं बनवणारं ‘कॉनबॅक’ हे केंद्र आहे. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि खासगी जमिनीवरचा बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. कारागिरांसाठी हा बदल खूप मोठा होता.

सह्याद्रीत कारवीच्या काठ्यांनीही घरं उभी राहिली. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. तिच्या वाळलेल्या सरळ काठ्यांचा कूड उभारून त्यावर माती आणि शेणाचा गिलावा करतात. अशी भिंत हवेतली ओल पिते आणि परत सोडते. आज नवं घर कुडाचं बांधणारे विरळा, पण बैठकीच्या खोलीतला आडपडदा किंवा छताखालचा एखादा पट्टा कारवीचा करून घेता येतो.

वेताची खुर्ची आणि एक जुना तुरुंग

महाबळेश्वरच्या बाजारात वेताच्या वस्तू आणि काठ्या पूर्वीपासून दिसतात. त्यामागे एक विलक्षण इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी इथल्या तुरुंगात चिनी आणि मलाय कैदी आणून ठेवले होते. त्यांच्या हातांनी इथे भाजीपाल्याचे मळे फुलले आणि वेतकामही झालं. परमुलखात शिक्षा भोगणाऱ्या माणसांचं कौशल्य या गावात रुजलं, हे त्या खुर्चीत बसताना लक्षात असावं असं मला वाटतं.

वेत हा माडाच्या कुळातला काटेरी वेल. आतून भरीव, पण लांबच लांब छिद्रांचा, म्हणून वाफेवर तापवला की वाकतो आणि थंड झाल्यावर त्या आकारात राहतो. वेताची साल गुळगुळीत आणि कणखर असते, विणकामाच्या पट्ट्या तिच्याच निघतात. उन्हाळ्यात या पट्ट्या कोरड्या पडून कडकतात. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या फडक्याने पुसत राहावं. बैठक झोळ पडून सैल झाली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने विणकाम चांगलं भिजवावं आणि सावलीत वाळू द्यावं. सुकताना पट्ट्या आकसतात आणि जाळी पुन्हा ताणली जाते. वरची गुळगुळीत साल पाणी घेत नाही, म्हणून भिजवायचं खालूनच.

भिजल्या हवेतही ऊब देणारी घोंगडी

ढगाळ संध्याकाळी कापसाची चादर गार आणि चिकट लागते. घोंगडी लागत नाही. लोकरीचा तंतू त्याच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ आत घेतो, तरी हाताला ओला लागत नाही, कारण पाणी तंतूच्या आतल्या भागात जातं. शिवाय वाफ शोषताना लोकर थोडी उष्णता सोडते. ओल्या हवेत पांघरल्यावर सुरुवातीला जी ऊब जाणवते, तिच्यात हा वाटा असतो. तंतूच्या बाहेरच्या अंगाला सूक्ष्म खवले आणि त्यावर मेंढीच्या अंगची स्निग्धता असते. त्यामुळे पावसाचा थेंब लगेच मुरत नाही, घरंगळतो. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरं राखतात, ते या गुणावरच.

दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, ती टोचते. ही तक्रार खरी आहे. गालिचा, दिवाणावरचं पांघरूण, भिंतीला टेकायची गादी यांसाठी मात्र भरड तंतूच चांगला, तो दबत नाही आणि झिजतही नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडचे सणगर कारागीर घोंगड्या विणतात. लोकर थापून, न विणता केलेलं जेन जमिनीवर अंथरायला तर फारच उबदार.

एक काळजी घ्यावी लागते. विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. खळ म्हणजे पुन्हा पिष्टच, बुरशीचं अन्न. नवी घोंगडी पावसाळ्याच्या तोंडावर आणली असेल तर आधी थंड पाण्यात भिजवून खळ काढावी आणि कडक वाळवावी. कसर लोकरीतलं प्रथिन खाते. ती अंधारी, न हलवलेली जागा शोधते, म्हणून रोज वापरातल्या घोंगडीला कसर क्वचित लागते आणि ट्रंकेत जपून ठेवलेलीला हमखास.

तांब्या-पितळेबद्दल थोडक्यात. पुण्याच्या तांबट आळीतल्या ठोक्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पातळ पत्रा कडक होतो आणि आकार धरतो. घाटमाथ्यावर तांबं लवकर काळवंडतं, कारण ओलीच्या पातळ थरात ऑक्सिडेशन वेगाने होतं. दिव्याच्या छत्रीला, कुंडीला ते तपकिरी रूप शोभतं, ते तसंच राहू द्यावं. चमक हवीच असेल तर चिंचेने घासून, पूर्ण कोरडं करून मेणाचा पातळ हात द्यावा.

चौकट: खरेदीला जाताना

• दाराची मधली फळी चौकटीत सुटी आहे ना, हे बोटाने दाबून पाहा.
• टेबल उलटं करून बघा: खालूनही पॉलिश आहे का, स्क्रू कसला आहे, छिद्र लांबट आहे का.
• फळीच्या टोकाकडच्या रेषा उभ्या असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.
• बांबूचा महिना आणि प्रक्रिया विचारा.
• पायाला चार बोटं तरी उंची हवी, म्हणजे खालून हवा खेळते.

बंद घराची अडचण

घाटमाथ्यावरची बरीच घरं आता सुट्टीपुरती उघडतात. जूनमध्ये कुलूप लागतं ते दिवाळीला निघतं. पूर्वी त्याच घरात रोज चूल पेटायची. चुलीच्या उष्णतेने माळ्यावरचा बांबू, टोपल्या, कणग्या कोरड्या राहायच्या आणि धुरातल्या द्रव्यांमुळे कीड दूर राहायची. आज घरात ना उष्णता, ना धूर, ना माणसांची ये-जा. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे हवा हलतच नाही.

यावर उपाय साधे आहेत. कपाट भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे ओढा. पश्चिमेकडच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला लाकडी वस्तू टेकवूच नका. याच बाजूला पावसाळ्यापूर्वी गवताचे आडोसे बांधायची इथली जुनी रीत आहे, भिंतीवर पाणी आदळलंच नाही तर ती आतून ओलावत नाही. वारली चित्राच्या चौकटीमागे बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे कागद आणि भिंत यांत हवा राहील. मूळ वारली चित्रं तांदळाच्या पिठाने काढतात, तेव्हा इथेही बुरशीला खाद्य आहेच. घर बंद करताना कपाटांची दारं आणि ड्रॉवर अर्धवट उघडे ठेवा. अंथरुणं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरुडाच्या मोठ्या टोपलीत ठेवून वर सुती कापड बांधा.

घरात कुणी राहत असेल तर थोडी ऊब खूप काम करते. हवा सुमारे दहा अंशांनी तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याच्या आसपास येते, कारण गरम हवेत वाफ जास्त मावते. कपाटात जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा लावायचे, ते याच कारणाने. आजचे एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही. पिवळा दिवा लावायचा तर कपड्यांपासून दूर, जाळीच्या आत, आणि घरात माणूस असतानाच. रिकाम्या घरासाठी पंधरा दिवसांनी कुणाला तरी किल्ली देऊन खिडक्या उघडायला सांगणं, हा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक आहे.

राहिला प्रश्न सुताराला बोलवायचा कधी. पावसाळा संपून लाकूड थोडं सुकलं की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, त्याची ओल वर्षाच्या मधल्या पातळीच्या जवळ असते. तेव्हा घेतलेलं माप दोन्ही टोकांना साधारण सारखं चुकतं. नवं लाकूड कापण्याआधी दोन-तीन आठवडे त्याच घरात, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवू द्यावं. एप्रिल-मेमध्येच काम करून घ्यायचं असेल, तर ड्रॉवरला आणि दाराला नेहमीपेक्षा जास्त मोकळीक ठेवायला सांगा, उन्हाळ्यात ते थोडं सैल दिसलं तरी चालेल. आणि ऑगस्टमध्ये अडकलेल्या दाराला लगेच रंधा मारायला घेऊ नका. तेव्हा तासून काढलेली कड फेब्रुवारीत रुंद फट होऊन दिसते, आणि ती भरून काढायला मग नवी पट्टीच जोडावी लागते.